घरचा राउटर आणि लिनक्सचा संगणक

खेड्यापाड्यांतील शाळांतून आता संगणक आले आहेत आणि पुष्कळ ठिकाणी ब्रॉडबँडची तारही येऊन पोचली आहे. त्यातले काही संगणक लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. कारण उघड आहे. ती घ्यायला पैसे पडत नाहीत, आणि तिचे काही हलके प्रकार जुन्या यंत्रावरही बरे चालतात. पण तार जोडायला आलेला माणूस पडद्याकडे पाहून कित्येकदा म्हणतो, "गुरुजी, हे लिनक्स आहे. याच्यावर नेट चालायचं नाही. विंडोज टाकून घ्या." गुरुजी गप्प बसतात आणि संगणकावर पुन्हा कापड पडते. हे म्हणणे कितपत खरे आहे, आणि ही जोडणी आपली आपल्याला कशी करता येते, ते आज पाहू.

ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. २००० सालाच्या आसपास मोडेम बहुधा संगणकाच्या पोटात बसवलेला असे किंवा यूएसबीच्या तारेने जोडलेला असे. त्यातल्या अनेक मोडेमांचे निम्मे काम विंडोजकडे सोपवलेले असायचे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर कारखानदार विंडोजपुरताच देत. लिनक्सवाल्यांची तेव्हा खरोखरच अडचण होत असे.

आजचा राउटर मात्र निराळा आहे. तो स्वतःच एक छोटा संगणक आहे. बाहेरच्या तारेशी काय बोलायचे ते तो पाहतो. आपल्या संगणकाशी तो ठरलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या नियमांनी बोलतो. पलीकडे विंडोज आहे की लिनक्स, हे त्याला विचारावेच लागत नाही. आणि गंमत अशी, की पुष्कळशा राउटरांच्या पोटात लिनक्सच असते! १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांना खुला केला. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला, तो याच गाभ्यावर चालत होता. मुक्त परवान्याच्या अटीप्रमाणे त्याची मूळ आज्ञावली कंपनीला २००३ साली प्रसिद्ध करावी लागली, आणि तिच्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली जन्माला आली. तेव्हा "राउटरला लिनक्स चालत नाही" हे म्हणणे घरच्या माणसालाच दारात अडवण्यासारखे झाले.

आता राउटर करतो काय, ते पाहू. त्याची मुख्य कामे दोन. पहिले काम धर्मशाळेतल्या मुनिमाचे. उतारू आला, की मुनीम त्याला खोलीचा क्रमांक देतो, तोही ठराविक मुदतीपुरता. राउटर तसाच प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. दुसरे काम शाळेच्या शिपायाचे. सगळ्या शिक्षकांची पत्रे शाळेच्या एकाच पत्त्यावर येतात, आणि कोणते कोणाचे ते पाहून शिपाई वाटतो. राउटरही बाहेर एकच पत्ता दाखवतो आणि आलेला मजकूर आत ज्याचा त्याला पोचवतो. यालाच नॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत, ते सर्वांना पुरत नाहीत, म्हणून ही युक्ती.

आता प्रत्यक्ष जोडणी. पहिल्यांदा वायफायच्या मागे लागू नका, तारेनेच जोडा. राउटरच्या पाठीमागे एकसारखी भोके असतात. ज्यावर लॅन लिहिलेले असेल त्यात तारेचे एक टोक आणि संगणकात दुसरे टोक बसवा. वॅन लिहिलेले भोक बाहेरून येणाऱ्या तारेसाठी असते, तिथे हात लावू नका. लिनक्समध्ये नेटवर्कच्या मांडणीत 'स्वयंचलित' किंवा 'डीएचसीपी' असे निवडलेले आहे ना, एवढे पाहा. बहुधा ते आधीच असते, आणि पुष्कळदा काम इथेच संपते.

नाही संपले, तर राउटरचा पत्ता शोधावा लागेल. लिनक्सची टर्मिनल खिडकी उघडा. आय आणि पी ही दोन अक्षरे, मग एक जागा सोडून आर, ओ, यू, टी, ई अशी पाच अक्षरे लहान लिपीत लिहून एंटर दाबा. जी ओळ 'डिफॉल्ट' या शब्दाने सुरू होते, तिच्यातला आकडा हा राउटरचा पत्ता. तो पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो. हाच आकडा इंग्रजी अंकांत ब्राउझरमध्ये लिहिला, की राउटरचे पान उघडते. त्यासाठी लागणारे नाव आणि संकेतशब्द बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतात. काही जोडण्यांना पीपीपीओई नावाची पद्धत लागते. तिचे नाव आणि संकेतशब्द कंपनीकडून मागून घ्या आणि याच पानावर भरा, म्हणजे संगणकाला त्याची दगदग उरत नाही.

वायफायची एक अडचण मात्र खरी आहे. काही संगणकांच्या वायफाय चिपला फर्मवेअर नावाची वेगळी फाइल लागते, ती नसेल तर लिनक्सला वायफाय दिसतच नाही. अशा वेळी तारेने नेट घेऊन ती फाइल उतरवून घ्यावी. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने तर २०२३ पासून अशा फाइली आपल्या अधिकृत संचातच द्यायला सुरुवात केली आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढे करूनही नेट बंद पडले तर? गावात वीज गेली की आपण काय करतो? आधी घरचा फ्यूज पाहतो, मग शेजारी दिवा आहे का ते पाहतो, मग डीपीकडे जातो. इथेही तसेच तीन टप्पे आहेत. पी, आय, एन, जी, म्हणजे 'पिंग' ही आज्ञा लिहा, जागा सोडा आणि पुढे राउटरचा पत्ता द्या. उत्तराच्या ओळी येऊ लागल्या तर घरची तार ठीक. कंट्रोल आणि सी एकदम दाबले की त्या थांबतात. मग त्याच आज्ञेपुढे ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता द्या. त्याचे उत्तर आले तर बाहेरची लाइन ठीक. शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्या. आकड्याला उत्तर येते पण नावाला येत नाही, असे असेल तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे असे समजावे. पहिलीला उत्तर आणि दुसरीला नाही, असे झाले तर तक्रार करताना ठामपणे सांगा, "राउटरपर्यंत सारं ठीक आहे, पुढची लाइन पाहा." मग लिनक्सचे नाव पुढे करून तुम्हाला कोणी परत पाठवू शकणार नाही.

शेवटची गोष्ट कुलपाची. २०१६ साली मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरचे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तिची किल्ली साधी होती. कारखान्याने दिलेले नाव आणि संकेतशब्द लोकांनी बदललेच नव्हते! त्या यंत्रांच्या जोरावर ऑक्टोबर २०१६ मध्ये मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. म्हणून राउटरच्या पानाचा संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदला. वायफायसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा आणि चार-पाच शब्दांचा लांब संकेतशब्द ठेवा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. राउटरचा पत्ता, पीपीपीओईचे नाव आणि कंपनीचा तक्रार क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. संकेतशब्द निराळ्या कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. आणि वरच्या वर्गातल्या दोन-चार मुलामुलींना पिंगच्या या तीन पायऱ्या शिकवा. मग तुमची बदली झाली तरी शाळेचे नेट कोणावाचून अडणार नाही.