सेनापती गेला, संघ राहिला

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहरी जॅक्सन स्टेट नावाचे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ आहे. गुलामगिरी संपल्यावर बारा वर्षांनी, १८७७ साली, ही संस्था सुरू झाली. १९७० च्या मे महिन्यात पोलिसांनी तेथील मुलींच्या वसतिगृहावर गोळ्या झाडल्या व दोन तरुण मारले गेले. त्याच महिन्यात केंट स्टेटमध्ये चार गोरे विद्यार्थी मारले गेले होते. जगाच्या लक्षात राहिले ते केंट स्टेट!

या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाविषयी आम्ही लिहीत आहोत. (हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन धावण्याचा.) गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद होती तोवर काळ्या मुलांपुढे अशाच संस्था होत्या. वॉल्टर पेटनसारखा थोर खेळाडू येथेच घडला. पुढे दारे उघडली. ते न्याय्यच झाले. परंतु गुणी पोरे तिकडे गेली आणि आपल्या संस्था ओस पडू लागल्या. आमच्या वाचकांना हे नवे वाटू नये. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या पायऱ्या चढून साहेब झालेल्यांपैकी किती जणांनी आपली मुले तेथे घातली?

२०२० साली डिऑन सँडर्स हा नामवंत माजी खेळाडू येथे मुख्य प्रशिक्षक झाला. देशातला अव्वल गणला गेलेला तरुण खेळाडू ट्रॅव्हिस हंटर याने बड्या विद्यापीठाला दिलेला शब्द फिरवून जॅक्सन स्टेट निवडले. २०२२ साली संघाने सलग बारा सामने जिंकले. त्याच वर्षी जॅक्सन शहराच्या नळाला पाणी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबरात विभागीय विजेतेपद मिळाले आणि त्याच दिवशी सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठाकडे गेल्याचे जाहीर झाले. पाच वर्षांचे २ कोटी ९५ लाख डॉलर्स! हंटरही गेला, सँडर्सचा मुलगाही गेला.

आम्ही सँडर्सला गद्दार म्हणणार नाही. काळ्या माणसाने मोठी नोकरी नाकारावी आणि गोऱ्याने ती करावी, हा कुठला न्याय? पण 'आपल्या माणसांसाठी आलो' असे सांगून आलेल्याने तीन हंगामांत निघावे, हेही मनाला लागतेच.

मग सूत्रे टी. सी. टेलर यांच्या हाती आली. मिसिसिपीचाच माणूस, याच संघातून खेळलेला, सँडर्सच्या हाताखाली सहायक राहिलेला. छायाचित्रकारांची गर्दी ओसरली होती. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात त्यांच्या संघाने साऊथ कॅरोलिना स्टेटला ३७-७ असे हरवले. पुढे टेक्सास स्टेटने याच संघाला झोडपून तब्बल ७७ गुण केले. वर्षाअखेर सात विजय, चार पराभव. बारा विजयांची चटक लागलेल्यांना ते कमीच वाटणार! सँडर्सच्या कोलोरॅडोने त्या हंगामात बारापैकी चार सामने जिंकले, हेही नोंदवून ठेवू.

विद्यापीठाने टेलर यांना ठेवले. २०२४ साली संघाने पुन्हा विभागीय विजेतेपद घेतले. त्यानंतरची सेलिब्रेशन बाऊल ही कृष्णवर्णीय विद्यापीठांची मानाची लढत सँडर्सच्या संघाने दोनदा गमावली होती. १४ डिसेंबर २०२४ रोजी अटलांटात टेलर यांच्या पोरांनी ती २८-७ अशी जिंकली. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला देशातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी मिळाली.