रुग्णनोंदींचे परस्परसंबंध व जँगोचे व्यवस्थापन-पृष्ठ

हातकणंगले तालुक्यातील हुपरी ही रौप्यनगरी. घरोघरी पैंजण घडविणे, डाख देणे, आम्लात धुणे चालत असल्याने येथील वैद्यास त्वग्विकार वा कास यांत रुग्णाचा व्यवसाय आधी विचारावा लागतो. एकाच नावाचे, आडनावाचे दोन कारागीर एकाच गल्लीत असणे हेही नवल नव्हे. त्यांतील एक प्रमेही असेल व त्याची भेट दुसऱ्याच्या नावे नोंदली गेली, तर शर्करायुक्त आसवारिष्टे निर्धास्तपणे दिली जातील. म्हणून पुढील तपशील वैद्यबंधूंनी प्रणालीकारावर सर्वस्वी सोपवू नये.

जँगो ही पायथॉन भाषेतील विनामूल्य वेब-चौकट २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिचे तयार व्यवस्थापन-पृष्ठ लहान चिकित्सालयास पुरते. भेटीच्या नोंदीत रुग्णाचे नाव पुन्हा न लिहिता रुग्णाच्या मूळ नोंदीचा निर्देश ठेवतात; त्यास ‘फॉरेन की’ म्हणतात. मूळ रचनेत हा रकाना सर्व रुग्णांची उघडणारी यादी दाखवितो. पाच हजार रुग्ण असल्यास पाच हजार नावे. बोट एक ओळ घसरले की अनर्थ!

यावर २.० आवृत्तीपासून (डिसेंबर २०१७) ‘ऑटोकम्प्लीट फील्ड्स’ ही सोय आहे. अक्षरे टंकताच जुळणारी नावे येतात. मात्र रुग्णाच्या तक्त्यासाठी ‘सर्च फील्ड्स’ ठरविल्याविना ती चालत नाही. त्यांत नावासह भ्रमणध्वनी क्रमांकही घ्यावा. येणाऱ्या ओळीत नुसते नाव नको; वय, गल्ली व व्यवसायही दिसावा. शेजारील अधिक चिन्हाने घाईत तोच रुग्ण पुन्हा नोंदला जातो व पूर्ववृत्त दोन ठिकाणी विभागते. साहाय्यकास रुग्ण पाहण्याचा अधिकार द्यावा, नवा जोडण्याचा नव्हे. मग ते चिन्हच दिसत नाही. औषधयोजनेच्या ओळी ‘इनलाइन’ पद्धतीने भेटीच्या पृष्ठावरच भराव्यात.

औषधाच्या निर्देशास ‘कॅस्केड’ लावले, तर औषध पुसताच त्या औषधयोजनेच्या जुन्या ओळीही पुसल्या जातात. रसौषधीची एखादी बॅच सदोष निघाल्यास ती कोणास दिली, हे मग शोधावयाचे कोठे? येथे ‘प्रोटेक्ट’च हवे. बंद केलेली औषधे ‘लिमिट चॉइसेस टू’ने यादीतून वगळण्याचा मोह होतो, परंतु जुनी भेट उघडल्यावर तो रकाना रिकामा दिसतो. त्यापेक्षा औषधाच्या नावापुढे ‘बंद’ असे लिहिलेले बरे.