माप ओलांडल्यानंतर

मार्च १९२८ मध्ये सिअॅटलच्या नॅन्सी अॅन मिलर या तरुणीनं नाशिकला हिंदू धर्माची दीक्षा घेतली. करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला धर्मात घेतलं. तिचं नाव शर्मिष्ठा ठेवलं गेलं, आणि त्याच महिन्यात बडवाहला इंदूरची गादी सोडलेले महाराज तुकोजीराव होळकर यांच्याशी तिचं लग्न लागलं. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत या लग्नाची चर्चा झाली. नववधूनं साडी कशी नेसली, कपाळाला काय लावलं, दागिने किती होते, सगळं छापून आलं. पुढं त्यांना चार मुली झाल्या आणि शर्मिष्ठाबाईंनी आपलं आयुष्य इथंच काढलं. पण त्या दीर्घ संसाराबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. माप ओलांडलं की आपल्याकडं बातमी संपते. मला ओढ आहे ती तिथून पुढच्या वर्षांची.

मराठी घरांत परदेशी जोडीदार येऊ लागल्याला आता जवळपास शंभर वर्षं होतील. सुरुवातीच्या काळात धर्मांतर इतक्या वेळा का दिसतं, याचं एक कारण कायद्यात आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी करायची तर दोघांनाही आपण हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं लिहून द्यावं लागे. १९२३ मध्ये थोडी सवलत मिळाली, पण ती हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या आपसांतल्या लग्नांपुरती. ख्रिस्ती मुलगी आणि हिंदू मुलगा यांनी आपापला धर्म तसाच ठेवून या कायद्याखाली लग्न करणं शक्य झालं ते १९५४ च्या नव्या कायद्यानं. तोवर धर्म सोडण्याची वेळ बहुतेक वेळा मुलीवरच येई. नाव बदलायचं तिनं, जेवण बदलायचं तिनं, आणि सोवळ्याओवळ्याच्या घरात कुठं हात लावायचा नाही हेही तिनंच शिकायचं. सासरच्यांनी तिच्यासाठी काय शिकलं, याची नोंद ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही.

सावित्रीबाई खानोलकरांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. ईव्ह इव्होन हे त्यांचं माहेरचं नाव, जन्म १९१३ चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. वडील हंगेरियन, आई रशियन. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणारे विक्रम खानोलकर सुट्टीत आल्प्सकडे गेले असताना दोघांची ओळख झाली. मुलीचं वय कोवळं होतं आणि वडिलांचा विरोध होता. तरी ती हिंदुस्थानात आली आणि १९३२ मध्ये लखनौला लग्न झालं. तिनं शाकाहार धरला, मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकली. लेख लिहिणारे बहुतेक इथंच रमतात: परदेशी बाई किती छान मराठी बोलते! हे कौतुक खोटं नाही, पण त्याचा सूर मला नेहमी परीक्षकाचा वाटत आला आहे. सावित्रीबाईंनी संस्कृत आणि पुराणं वाचली ती कुणाला पास करून दाखवायला नव्हे. त्यांना त्या विषयाची मनापासून भूक होती. म्हणून तर स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांनी शौर्यपदकांच्या आराखड्याचं काम त्यांच्याकडे सोपवलं. परमवीरचक्रावरची चार वज्रं त्यांनी योजली. वज्र म्हणजे दधीची ऋषींच्या अस्थींचं, देह देऊन घडवलेलं शस्त्र. पहिलं परमवीरचक्र मरणोत्तर दिलं गेलं ते मेजर सोमनाथ शर्मा यांना, आणि सोमनाथ हे सावित्रीबाईंच्या जावयाचे सख्खे भाऊ. १९५२ मध्ये विक्रम खानोलकर गेले. त्यानंतर जवळजवळ चार दशकं, १९९० पर्यंत, सावित्रीबाई याच देशात राहिल्या. नवरा गेल्यावर परत जायचं कारण त्यांना उरलं नव्हतं, कारण तोवर त्यांचं स्वतःचं असं इथं पुष्कळ काही होतं.

या शतकभराकडं पाहताना मला जे वारंवार दिसलं ते हेच. परक्या घरात आलेलं माणूस पुरणपोळी जमली म्हणून रुजत नाही. त्याला इथं स्वतःचं काम सापडलं, ते काम करताना चार परकी माणसं त्याच्यावर अवलंबून राहू लागली, की मग गावाशी त्याचं नातं जडतं, आणि ते नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मध्यस्थीवाचून जडतं.

कमला निंबकरांच्या बाबतीत हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं, आणि त्यांच्याबद्दल आपण जितकं बोलायला हवं तितकं बोलत नाही. मूळच्या एलिझाबेथ लंडी, १९०० साली न्यू जर्सीत जन्मलेल्या. १९३० मध्ये विष्णु निंबकर यांच्याशी लग्न करून त्या कमला निंबकर झाल्या. त्या काळात अशा लग्नाची किंमत अमेरिकेतच मोजावी लागे. १९२२ च्या केबल कायद्यानं नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व काढून घेतलं जाई, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हिंदुस्थानी माणसाला त्या अपात्रांत बसवलं होतं. ही तरतूद १९३१ मध्ये गेली. कमलाबाईंचं लग्न त्याच्या वर्षभर आधीचं.

प्रौढपणी, चाळीसच्या दशकात, त्यांनी फिलाडेल्फियाला ऑक्युपेशनल थेरपीचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा उभी केली. आशियातली ती पहिली. दोनच वर्षांत अखिल भारतीय संघटना झाली, आणि जागतिक संघटनेच्या संस्थापक देशांत भारताचं नाव लागलं. पोलिओनं पाय लुळे पडलेलं मूल, पक्षाघातानं एक बाजू गेलेला गिरणी कामगार, हात तुटलेला माणूस यांना रोजची कामं पुन्हा करता यावीत, हा या उपचाराचा गाभा. आणि रोजची कामं प्रत्येक देशात वेगळी. अमेरिकन पुस्तकातल्या रुग्णाला काटाचमचा धरता आला की झालं. परळच्या रुग्णाला भात कालवून घास घ्यायचा असतो, जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि उठायचं असतं, बाईला निऱ्या घालायच्या असतात, पोळी लाटायची असते. मला राहून राहून वाटतं की हे शिकवायला कमलाबाईंइतकं योग्य माणूस क्वचितच मिळालं असतं. आपण ज्या गोष्टी कळायच्या आत शिकतो त्या त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर, पाहून पाहून शिकल्या होत्या. मोठ्या वयात साध्या हालचाली नव्यानं शिकताना माणसाचा किती पाणउतारा होतो, हे त्यांनी अंगावर घेतलेलं होतं. संसारातली जुळवाजुळव आणि रुग्णालयातलं काम ही त्यांच्या बाबतीत वेगळी राहिलीच नसतील.

त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणला १९६८ मध्ये कृषी संशोधन संस्था काढली. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, या कमलाबाईंच्या सूनबाई. अमेरिकन सासू आणि कर्व्यांच्या घरातली सून! कुणी कुणाला काय शिकवलं असेल, हे त्या घरातल्या माणसांकडून ऐकायला मिळालं असतं तर केवढी मौज झाली असती.

नागपूरचं एक घर याहून अवघड वाटेनं उभं राहिलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीत होते. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळं त्यांना देशात परतता येईना. मेक्सिकोत ते शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. दिएगो रिव्हेरानं आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. १९३६ मध्ये, पन्नाशीतल्या खानखोज्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. नवरा विदर्भाचा, बायको बेल्जियमची आणि घर मेक्सिकोत. इथं दोघंही परकेच होते आणि माझ्या मते त्यातच या संसाराचं बळ होतं, कारण घरातली रीत कुणा एकाची म्हणून चालून आलेली नव्हती. मुलींची नावं सावित्री आणि माया. देश स्वतंत्र झाल्यावरही जुन्या काळ्या यादीपायी खानखोज्यांचा व्हिसा आधी नाकारला गेला. ज्या देशासाठी घर सोडलं त्याच देशाच्या दारात परवानगी मागत उभं राहायचं! अखेर पन्नासच्या दशकात हे कुटुंब नागपुरात स्थायिक झालं. आता परकेपण एकटीच्याच वाट्याला आलं. नवरा आपल्या माणसांत परतला होता, आणि ती दुसऱ्यांदा खंड ओलांडून आली होती. खानखोजे १९६७ मध्ये वारले. त्यांचं चरित्र पुढं कन्या सावित्री सॉनी यांनी लिहिलं, म्हणून एवढं तरी आपल्याला समजतं.

सगळेच संसार टिकले असं नाही. रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला केंब्रिजला शिकल्या, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत त्यांनी काम केलं आणि युरा स्लेप्टझॉफ या रशियन चित्रकाराशी लग्न केलं. १९३८ मध्ये लखनौला सईचा जन्म झाला आणि थोड्याच काळात ते लग्न मोडलं. शकुंतलाबाईंनी पुण्यात मुलीला वाढवलं, र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामाला हातभार लावला, पुढं राज्यसभेत गेल्या. सई परांजपे यांचे चित्रपट आपण सगळे पाहतो. या लग्नाला फसलेलं म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. लेकीसह परतलेल्या मुलीला वडिलांच्या घरात मानानं जागा होती, त्यामुळं चुकलेली निवड मागं टाकून पुढं जाता आलं. परदेशातून इथं आलेल्या बायकोला अशी जागा नसते. तिचं माहेर समुद्रापलीकडं असतं.

होळकरांच्या घरात पुढच्या पिढ्यांतही अमेरिकन सुना आल्या. त्यांतल्या सॅली होळकर यांनी पती रिचर्ड यांच्यासोबत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महेश्वरला रेहवा ही संस्था उभारली. अहिल्याबाईंच्या आश्रयानं वाढलेली महेश्वरी साडी तेव्हा मागावरून उतरत चालली होती. संस्थेनं विणकर बायकांना काम दिलं आणि तो कापडाचा धंदा पुन्हा उभा राहिला. त्याच्या पन्नास वर्षं आधी त्याच घराण्यातल्या शर्मिष्ठाबाईंनी कुठली साडी नेसली याची बातमी झाली होती, आणि आता एक सून साडी विणणाऱ्यांची मजुरी ठरवत होती.

स्वतःच्या कामावाचून माणूस रुजत नाही, हे उलट्या दिशेनंही पाहायला मिळतं. आयटीतल्या नवऱ्यामागून एच-४ व्हिसावर अमेरिकेला गेलेल्या मराठी मुलींना कित्येक वर्षं तिथं नोकरी करायला बंदी होती. इंजिनिअर, डॉक्टर, आर्किटेक्ट झालेल्या मुली दिवसभर घरात. लग्न आपल्यातच झालेलं, भाषा एक, तरी त्या घरात माणूस कोमेजून जाई. मे २०१५ पासून त्यांतल्या काही जणींना, म्हणजे नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठराविक टप्प्याला पोचलेला असेल तर, कामाची परवानगी मिळू लागली.

आपल्याकडं कायदा बराच पुढं सरकला आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी लग्न केलेल्या स्त्रियांची सोय होती, परदेशी नवऱ्यांची नव्हती. १९८६ मध्ये तिथं ‘व्यक्ती’ असा बदल झाला. आज अशा जोडीदाराला नागरिकत्वासाठी सात वर्षांचं वास्तव्य लागतं आणि मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. म्हातारे आईवडील तिकडं असताना हे अनेकांना जमत नाही, म्हणून ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घेतात. लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ते मिळू शकतं, आणि त्यावर राहता येतं, नोकरी करता येते.

पण २०१५ च्या दुरुस्तीनं आणखी एक कलम आणलं. न्यायालयानं घटस्फोट मंजूर केला की लग्नाच्या आधारावर मिळालेलं हे कार्ड रद्द होऊ शकतं. पुण्यात वीस वर्षं शिकवणारी, मुलं इथल्याच शाळेत वाढवलेली एखादी जर्मन किंवा जपानी बाई लग्न मोडताक्षणी पुन्हा पाहुणी ठरू शकते. मारहाण सोसूनही ती कोर्टाची पायरी चढायला धजत नसेल, तर त्यामागं हेही कारण असू शकतं. तिचं इथलं काम, तिनं भरलेला कर, मुलांचं वय, यांतलं काहीच त्या कलमात मोजलेलं नाही. ते मोजलं जावं, निदान काही वर्षं इथं राहून काम केलेल्या जोडीदाराचं कार्ड घटस्फोटानंतरही टिकावं, एवढी दुरुस्ती संसदेत सहज होऊ शकते. ती मागणी त्या बायकांच्या सासरच्या गावातून, आपल्याकडून, गेली पाहिजे. स्वतः मागायला त्यांना इथं मतही नाही.