गाडीच्या एसीतला गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल उजाडला की गॅरेजमध्ये एसीच्या तक्रारी सुरू होतात. ‘कूलिंग कमी झालंय’ असं सांगितलं की बऱ्याचदा ठरलेलं उत्तर मिळतं: ‘गॅस भरावा लागेल.’ आपणही पैसे मोजून मोकळे होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तिथेच उभे राहतो. पेट्रोल जळून संपतं. एसीचा गॅस मात्र बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. वर्षभरात तो जाणवण्याइतका कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे हे नक्की.

कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेने निवून त्याचा द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून पुढे जाताना दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये हा द्रव उकळू लागतो. अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून ओढून घेतो आणि आपल्याला गार वारा लागतो.

हे चक्र ध्यानात असलं की लक्षणांवरून दोष ओळखता येतो. हवा गार आहे पण झोत मंद आहे? आधी केबिन फिल्टर पाहा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्समागे असतो आणि धुळीने चोंदलेला निघतो. गाडी पळताना गारवा, सिग्नलला थांबली की गरम वारा? मग कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा त्याच्या जाळीत बसलेल्या चिखलमातीवर संशय घ्या. कुबट वास येत असेल, तर ओल्या कॉइलवर बुरशी धरलेली असते. मुक्कामाआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला, तर कॉइल सुकते. गाडीखाली पाणी ठिबकणं चांगलंच. ते आत पायाशी साचलं, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

गळती शोधायची एक खूण साधी आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून गळतीच्या जागी अनेकदा तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटते. नळ्यांचे सांधे आणि कंडेन्सरचा खालचा भाग टॉर्च मारून पाहा. डाग सापडला नाही, तर मेकॅनिक नायट्रोजनचा दाब देऊन किंवा चमकणारा रंग सोडून गळती पकडू शकतो.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढायलाच हवी. ओल राहिली तर आतून गंज धरतो. मग गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम, ते सहसा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरल्याने गारवा वाढत नाही, उलट घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

प्रश्न फक्त खिशाचाही नाही. हवेत सुटलेला एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात हजार किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. म्हणून यंदा गॅरेजमध्ये ‘गॅस भरा’ म्हणू नका. ‘आधी गळती दाखवा’ म्हणा.