शहाबादी फरशी, काळा पाषाण आणि हिमालय

आपल्या गावात दोन तऱ्हेचे दगड रोज पाहायला मिळतात. एक विहिरीतून निघतो तो काळा पाषाण. दुसरा म्हणजे घरात, देवळात, ओट्यावर बसवलेली शहाबादी फरशी. काळा दगड घणाने फोडला की वेडावाकडा फुटतो. फरशीचा दगड मात्र खाणीतून वहीची पाने सुटावीत तसा थराथराने सुटतो. असे का? कारण एक विस्तवातून जन्मला आणि दुसरा पाण्यातून.

आधी फरशीचे बघू. शहाबाद कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. आपली नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढे त्याच मुलखातून जाते. म्हणून तिथल्या खडकांच्या प्रदेशाला शास्त्रज्ञ ‘भीमा खोरे’ म्हणतात. फार फार पूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला. वरच्या ओझ्याने खालचा गाळ दबला, घट्ट झाला, त्याचा दगड बनला. अशा गाळ साठणाऱ्या खोलगट जागेला गाळाचे खोरे म्हणतात. गंमत अशी की गाळाच्या वजनाने खोऱ्याचा तळ आणखी खाली दबतो आणि वर नव्या गाळाला जागा होते. म्हणून समुद्र उथळ असला तरी गाळाची जाडी शेकडो, कधी हजारो मीटर भरते.

पण जमीन मुळात खचते का, आणि डोंगर वर का येतात? याचे उत्तर एकच आहे. पृथ्वीचे कवच अखंड नाही. तव्यावर भाकरी तडकावी तसे त्याचे मोठमोठे तुकडे झालेले आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. खालचा खडक इतका तापलेला असतो की तो घट्ट असूनही अगदी सावकाश सरकतो, आणि त्याबरोबर हे पट्टही सरकतात. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंड सरकतात असे सांगितले, तेव्हा पुष्कळ पंडितांनी ते मानले नाही. १९३० साली ते ग्रीनलंडच्या बर्फात वारले. समुद्राच्या तळाची नीट पाहणी झाली आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत लोकांना त्यांचे म्हणणे पटले.

आपला भारतही असा सरकत आलेला आहे. एके काळी तो आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका यांना चिकटलेला होता. तिथून सुटून तो उत्तरेकडे निघाला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि तापलेला रस वर आला. तो एकदाच आला नाही. एक थर पसरला, थंड झाला, कधी कधी त्यावर माती तयार झाली, मग पुन्हा दुसरा थर. घाटात रस्त्याच्या कापात काळ्या खडकांमधे तांबडा पट्टा दिसतो ना, ती ही भाजलेली जुनी माती. जिथून हा रस आला ती जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून उफाळतो. जागा तिथेच राहिली, आपण मात्र हजारो किलोमीटर पुढे आलो!

कोयनेजवळ भोक पाडून पाहिले तर हा काळा दगड ९०० मीटरांपेक्षा जाड निघाला. किल्लारीला तो ३३८ मीटर भरला. बावडा या दोन्हींच्या मधे पडतो.

पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला जाऊन धडकला. घरी एक गोधडी अंथरून बघा. एक कड भिंतीला टेकवा आणि दुसरी कड हाताने रेटा. मधे घड्या उठतात. हिमालय म्हंजे अशाच घड्या. मधे जो टेथिस नावाचा समुद्र होता त्याच्या तळाचा गाळ चिरडला गेला आणि वर उचलला गेला. एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटरांहून थोडी जास्त, पण त्याच्या माथ्यावर चुनखडीचा दगड आहे, समुद्रात बनलेला. एवढ्या लांब जायलाही नको. ज्यांच्या देवघरात चक्राचा शाळिग्राम आहे त्यांनी तो नीट पाहावा. नेपाळातल्या गंडकी नदीत तो मिळतो. आतले चक्र हे पुष्कळदा त्या समुद्रातल्या एका शिंपलेवाल्या प्राण्याचे घर असते. (आजी म्हणाली, “म्हणून काय तो देव न्हाई व्हय?” देव आहेच. प्राणी देवाचाच की.)

हिमालयाच्या वजनाने त्याच्या पायथ्याची जमीन खाली वाकली. तिथे गंगा-यमुनेने गाळ आणून भरला आणि सपाट मैदान झाले. म्हणजे डोंगर आणि गाळाचे खोरे ही जोडीच असते. एक झिजतो, दुसरे भरते.

आपला सह्याद्री मात्र घड्यांचा नाही. तो पठाराची तुटलेली कड आहे, म्हणून त्याचे थर आडवे, पायऱ्यांसारखे दिसतात. पश्चिमेकडची जमीन तुटून खाली गेली आणि समुद्रात गाळाचे खोरे तयार झाले. मुंबई हाय इथे १९७४ साली ‘सागर सम्राट’ जहाजाने तेल शोधले ते याच खोऱ्यात. आपल्या काळ्या दगडात तेल सापडत नाही, कारण ते गाळात गाडलेल्या बारीक जीवांपासून बनते.

भारत अजून थांबलेला नाही. वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर तो ईशान्येकडे सरकतो. चौथी-पाचवीतली मुले जन्मल्यापासून बावडा जवळजवळ अर्धा मीटर पुढे गेला आहे. हिमालय समोर अडवून धरतो, म्हणून आतल्या आत ताण साठतो आणि पट्टाच्या मधल्या जुन्या भेगाही कधी कधी हलतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला तेच झाले. लोक झोपेत होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि धाब्याचे जड छप्पर अंगावर आले व हजारो माणसे गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात धरणाच्या पाण्याचाही हात होता, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडेही तशी जुनी घरे आहेत. पालकांनी जुन्या भिंतीवर नवे ओझे चढवण्याआधी जाणत्या माणसाला दाखवावे. नव्या घराला चारी बाजूंनी सिमेंट-लोखंडाचा पट्टा घातला तर भिंती एकमेकींना धरून राहतात.

आता पाण्याचे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात असते, भोके असलेल्या मांजऱ्या खडकात असते, आणि एक थर संपून दुसरा लागतो त्या सांध्यात किंवा भेगांत असते. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागते आणि वीस पावलांवर आपल्याला नुसती धूळ उडते. पाणाड्याचा नारळ हाताला फिरला तरी दगडातली भेग काही फिरत नाही. शेजारच्या दोन-चार विहिरी उन्हाळ्यात उतरून बघाव्यात, कितव्या फुटावर झरा आहे ते लिहून ठेवावे, आणि मगच मशीन बोलवावी. खोल गेले की पाणी लागतेच असे नाही. खाली बहुधा तोच काळा पाषाण असतो, आणि पैसे फुटावर मोजून द्यावे लागतात.