भविष्याची उमेदवारी
1973 साली अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव चौपटीवर गेला. तेल कंपन्यांची तारांबळ उडाली. शेल कंपनीचे अधिकारी त्या मानाने सावध होते, कारण पिएर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा टंचाईचे चित्र त्यांच्यापुढे आधीच मांडले होते. ते भाकीत नव्हते. पुढे काय काय घडू शकेल याच्या निरनिराळ्या कथा रचायच्या आणि प्रत्येक कथेत आपण काय करू, हे आजच ठरवून पाहायचे, अशी ती रीत होती.

आज 'फोरसाइट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विद्येचा पाया बराचसा अशा कंपन्यांत आणि लष्करी संशोधनात घातला गेला. तिथली माणसे बहुतेक पाश्चात्त्य आणि वयाने पोक्त. 2050 साली ज्यांना नोकऱ्या करायच्या, घरे चालवायची, ती पोरे त्या बैठकीत नव्हती.

ब्रिटनमधल्या 'स्कूल ऑफ इंटरनॅशनल फ्युचर्स' या संस्थेने 2018 साली तरुणांसाठी 'नेक्स्ट जनरेशन फोरसाइट प्रॅक्टिशनर्स' हा उपक्रम सुरू केला तो याच कारणाने. त्यातल्या पुरस्काराला जोसेफ जवॉर्स्की यांचे नाव आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शेलमधल्या भविष्यचित्रांच्या विभागाचे ते प्रमुख होते. आपल्या भागातला एखादा खरा प्रश्न घेऊन काम करणारे तरुण इथे निवडले जातात. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या तरुणांना त्यात मुद्दाम जागा आहे. त्यांना जाणकारांचे मार्गदर्शन मिळते, आणि देशोदेशी हेच काम करणारे सोबती मिळतात. एकट्याने असा विचार करणाऱ्याला गावात कुणी फारसे विचारत नाही. म्हणून या सोबतीचे मोल पैशापेक्षा कमी नाही.

या क्षेत्रात शिरणाऱ्याच्या हाती लवकर येणारे एक साधन म्हणजे जेरोम ग्लेन यांनी 1971 साली मांडलेले भविष्यचक्र. कागदाच्या मधोमध एक बदल लिहायचा. समजा, 'शहरातल्या सगळ्या रिक्षा विजेवर'. भोवतीच्या पहिल्या वर्तुळात थेट परिणाम येतात: इंधनाचा खर्च वाचला, चार्जिंगला रांगा लागल्या. दुसऱ्या वर्तुळात त्या परिणामांचे परिणाम: इंजिन दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीचे काम घटले, वस्तीतल्या विजेच्या तारांवर रात्री भार वाढला. तिसऱ्या वर्तुळापर्यंत पोचता पोचता मेस्त्रीच्या मुलाने आयटीआयला कोणता ट्रेड घ्यावा, हा प्रश्न समोर उभा राहतो. धोरण आखणाऱ्याच्या टिपणात हा मुलगा क्वचितच असतो.

पण चक्र काढता आले म्हणजे काम झाले, असे नाही. ते कुणाच्या टेबलावर पोचते, हे महत्त्वाचे. 1991-92 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट सरत असताना मॉन्ट फ्लेर इथे 22 जण जमले. डावे राजकारणी, कामगार पुढारी, उद्योजक, अर्थतज्ज्ञ. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे. जवॉर्स्कींच्याच विभागातले अॅडम कहाने चर्चा चालवत होते. देशाच्या वाटचालीची चार चित्रे निघाली. एकात सरकार शहामृगासारखे वाळूत डोके खुपसते. एकात सगळे फ्लेमिंगोंच्या थव्यासारखे सावकाश, पण एकत्र उडतात. ही चित्रे वर्तमानपत्रातून लोकांपर्यंत गेली. बैठकीतले ट्रेव्हर मॅन्युएल पुढे अर्थमंत्री झाले, टिटो म्बोवेनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर.

टेबलापर्यंत पोचण्याची ही वाट वेल्सने कायद्याने खुली केली. तिथल्या 2015 च्या कायद्यानुसार सरकारी संस्थांना निर्णय घेताना पुढच्या पिढ्यांचा विचार करावाच लागतो, आणि त्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र आयुक्त आहे. न्यूपोर्टजवळच्या एम-4 महामार्गाला पर्यायी रस्ता बांधायची योजना होती. पहिल्या आयुक्त सोफी हाऊ यांनी तिला उघड विरोध केला. जून 2019 मध्ये फर्स्ट मिनिस्टर मार्क ड्रेकफर्ड यांनी खर्च आणि पर्यावरणाची हानी ही कारणे देऊन ती रद्द केली.

याच आयुक्त कार्यालयाने तरुणांसाठी नेतृत्व अकादमी काढली आहे. तिथे तरुण शिकतात, आणि शिकवतातही: मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम त्यांच्याकडे असते. तरुणांसाठी अशी नवी फेलोशिप आखणाऱ्यांनी हा भाग आधी उचलावा. प्रशिक्षण कुठूनही मिळवता येते. सही करणाऱ्या माणसासमोर बसून बोलण्याची संधी तरुणाला स्वतःहून मिळत नाही.