चाकांखालील काळी जमीन

सोनपेठ परिसरातील काळ्या जमिनीत ओल असता ट्रॅक्टर फिरविल्यास मातीतील मोठी छिद्रे दडपली जातात. मग पाणी मुरत नाही व मुळे खोल जात नाहीत. ही हानी आधीच अजमाविण्यास संगणकीय प्रतिमान उपयोगी पडते. बूसिनेस्क यांच्या १८८५ च्या सूत्रात फ्रोलिक यांनी १९३४ मध्ये केंद्रीकरणांक घातला. तो टणक मातीस ४, तर ओल्या मऊ मातीस ६ धरतात. अंक वाढला की दाब अधिक खोल जातो. तो मातीच्या सहनशक्तीपलीकडे गेल्यास तेथील घट्टपणा टिकून राहतो. बहुतांश दडपण पहिल्याच फेरीत घडते. पुढील फेऱ्यांची भर घटत जाते. म्हणून वाफसा येईतो थांबणे व ठरावीक चाकोरीतूनच वाहन नेणे हितावह होय.